माया आपली, झाडू दुसऱ्याच्या हाती?

सकाळी सहाच्या सुमारास आपल्या वसाहतीच्या रस्त्यावर दोन माणसे हमखास दिसतात. एक जण कुत्र्याला फिरवायला निघालेला असतो आणि दुसरा झाडू घेऊन रस्ता झाडत असतो. कुत्रा कडेला बसतो, मालक दुसरीकडे पाहतो आणि पुढे चालू लागतो. मागे राहिलेली घाण झाडूवाला उचलतो. तो कोणत्या समाजातून आला आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण आता कुत्र्याचा मालकही पुष्कळदा आपल्यातलाच असतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत आज कुत्रा आहे. त्यावर काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. १९२७ साली बाबासाहेबांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मग आपण कुत्र्याचे लाड का करायचे, असे ते विचारतात. हा सल खरा आहे. पण तो लढा कुत्र्याविरुद्ध नव्हता, माणसाला जनावरापेक्षा खाली लेखणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेल्या बाबासाहेबांच्या कौटुंबिक छायाचित्रात रमाई आणि यशवंतराव यांच्यासोबत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. सम्राट अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या बरोबरीने पशूंच्याही औषधोपचाराची सोय केल्याची नोंद आहे. तेव्हा प्राण्यावर माया करणे आपल्या परंपरेत बसते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. माया आपण करायची आणि तिचे ओझे दुसऱ्याने वाहायचे, ही रीत आपल्याला शोभत नाही. दुसऱ्यांची घाण पिढ्यान्‌पिढ्या कोणी उचलली, हे आपण विसरलेलो नाही.

म्हणून पहिली गोष्ट घाणीची. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात. ती मातीत मिसळतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचतात. काही जंतांच्या अळ्या तर पायाच्या कातडीतूनही आत शिरतात. फिरायला निघताना जुने वर्तमानपत्र सोबत घ्यावे. घाण स्वतः उचलावी, घरच्या शौचालयात टाकून पाणी सोडावे, कागद गुंडाळून कचऱ्यात टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. घाणीची पिशवी ओल्या कचऱ्यात ढकलू नये. कचरा वेगळा करताना ती पुन्हा कोणाच्या तरी हातात फुटते. कुत्र्याला जंतांचे औषधही वेळेवर द्यावे. पिलाला ते वारंवार लागते, मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी.

दुसरी गोष्ट लसीची. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर लस घेतली तर हाच रोग टळतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस द्यावा आणि नंतर दरवर्षी न चुकता. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस त्याआधीच, सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, त्यांचा उपयोग करावा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना लागतो, तोही काढावा.

कुत्रा चावला किंवा त्याचे नख ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. पाळीव कुत्रा चावला म्हणून थांबू नये. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेतच द्यावे लागते, ते टाळू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले, आता लस दंडात मिळते. मात्र सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत. हळद, मिरची, चुना जखमेवर लावू नये. उतारा, गंडादोरा यांत वेळ घालवू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी ही वेळ येऊ नये.

तिसरी गोष्ट शिकवणीची. अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याचा त्रास मालकाला होत नाही. तो पोस्टमनला, सामान घेऊन येणाऱ्या पोराला आणि शेजारच्या आजीला होतो. "आमचा काही करत नाही" हे वाक्य त्यांच्या कामाचे नाही. कुत्रा बाहेर असेल तेव्हा गळ्यात पट्टा आणि हातात दोरी असलीच पाहिजे. शिकवायला मोठा खर्च लागत नाही. रोज दोन वेळा पाच-दहा मिनिटे द्यावीत. बस, थांब, ये, सोड हे चार शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखेच वापरावेत. ऐकले की लगेच चण्याएवढा खाऊ द्यावा आणि शाबासकी द्यावी. मारू नये, कारण मार खाल्लेला कुत्रा भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा जास्त चावतो. पिल्लू लहान असतानाच त्याला माणसे, रिक्षाचा आवाज, सायकली यांची सवय लावावी. मुलांना एक नियम शिकवावा, की खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

खाण्याबाबत दोन शब्द. नुसती दूध-पोळी पुरत नाही, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. भात किंवा भाकरीबरोबर उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे मांस द्यावे. शिजवलेली हाडे, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट देऊ नये. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

एक प्रश्न आम्हाला नेहमी खटकतो. कुत्रा पाहिला की लोक विचारतात, "कोणत्या जातीचा?" जातिवंत म्हणून हजारो रुपये मोजतात आणि गल्लीतल्या पिलाला गावठी म्हणून हाकलतात. थंड मुलखातला केसाळ कुत्रा विदर्भाच्या उन्हात धापा टाकतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर श्वास घेणेही जड जाते. गावठी कुत्रा आपल्या हवेत तगतो, फारसा आजारी पडत नाही. पाळायचेच असेल तर त्याला घरी आणावे, त्याची नसबंदी करावी. जातीचा अभिमान निदान आपण तरी कुत्र्याच्या दावणीला बांधून परत घरात आणू नये.

शेवटची गोष्ट प्रवासाची. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याकडे असावी लागते. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवतात, आणि त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी आपलीच असते. सोबत लसीचे कार्ड आणि पशुवैद्यकाचा दाखला ठेवावा. निघण्याआधी भरपेट खायला घालू नये, पाणी मात्र वरचेवर द्यावे. बंद गाडीत उन्हात कुत्र्याला पाच मिनिटेही सोडू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला जाताना त्याला त्या अफाट गर्दीत नेऊ नये. तसेच दोन दिवसांचे अन्न ठेवून घरी साखळीला बांधूनही जाऊ नये. शेजाऱ्याला आधी विचारावे, रीतसर जबाबदारी सोपवावी आणि परत आल्यावर आपणही त्याच्या घरी तेवढेच उपयोगी पडावे.

आपल्या जयंतीबद्दलही बोलले पाहिजे. १४ एप्रिलच्या रात्री डीजेच्या भिंती आणि फटाके यांनी कुत्री थरथरतात, दोरी तोडून पळतात. त्याच आवाजाने तान्ही मुले आणि हृदयरोगीही हैराण होतात. आवाज कमी केला तर बाबासाहेबांचा मान तसूभरही कमी होणार नाही.

२८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तो वर्षावासाच्या काळात येतो आणि तेव्हा विहारात माणसे रोज जमतातच. विहार समित्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी आतापासून बोलून त्या दिवशी वस्तीतल्या कुत्र्यांसाठी लसीकरण शिबिर घ्यावे. सफाई कामगार बंधू-भगिनींना त्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवावे आणि रस्त्यावरच्या घाणीबद्दल त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. पहिले शील आपण विहारात एका सुरात घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याची दोरी हातात घेताना वर्तमानपत्राचा कागदही आठवणीने घ्यावा.