आजीच्या हाती तबक

दसरा-दिवाळी आली की आपल्यापैकी अनेकींची पंचाईत होते. बैठकीत आपण रूढींविरुद्ध बोलतो आणि घरी दोन-अडीच वर्षांची लेक निरांजनाकडे हात करते. म्हणून सणच सोडावेत, हे मला पटत नाही. भोंडल्याचा फेर, खिरापत ओळखण्याची गंमत, पहाटेचं उटणं हे मुलांना मिळायलाच हवं.

पण त्याच पहाटे ज्या आजीने नातीला तेल लावून न्हाऊ घातलं, तीच ओवाळायच्या वेळी दाराआड होते, विधवा म्हणून! एवढ्याशा मुलीला कारण कळत नाही. कोण मागे सरलं ते मात्र बरोबर दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. घरातलं तबक कोणी उचलायचं, हे मात्र अजून घरातच ठरतं. तेव्हा यंदा ते आधी आजीच्या हाती द्या, नातीच्या देखत. ती नको म्हणेल, डोळे पुसेल, तरी द्या.

भाऊबीजेला भावानेही बहिणीला ओवाळावं, असं मी वस्तीत सुचवते. मुलगे हौसेने तबक धरतात. कुरकुर करतात ती मोठी माणसं, आणि त्यात आपल्या कार्यकर्त्यांचे नवरेही असतात.