प्रेत साक्ष देत नाही

दहशतवाद्यांचे म्होरके हाती लागले तर त्यांना जागच्या जागी ठार करावे, की जिवंत धरून न्यायासनापुढे उभे करावे, हा प्रश्न निदान मुंबईकरांना तरी पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे दहा जण या शहरात शिरले आणि त्यांनी १६६ निरपराधांचे प्राण घेतले. त्या दहांपैकी नऊ मारले गेले आणि एक जिवंत सापडला. नऊ प्रेतांनी आपल्या हाती काय दिले आणि एका कैद्याने काय दिले, याचा नुसता हिशेब मांडला तरी निम्मे उत्तर मिळते.

सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत लाठीखेरीज काही नव्हते. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरली, गोळ्या आपल्या देहावर झेलल्या आणि सहकाऱ्यांना त्या नराधमाला जिवंत पकडण्याची संधी मिळवून दिली. पाकिस्तानने प्रथम कानांवर हात ठेवले. परंतु जिवंत माणसाला गाव असते, आईबाप असतात, शेजारी असतात. तो आपलाच नागरिक असल्याचे जानेवारी २००९ मध्ये इस्लामाबादला मान्य करावे लागले आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही कबूल करावे लागले. केवळ नऊ प्रेतांच्या आणि ध्वनिमुद्रित संभाषणांच्या बळावर ही कबुली पदरात पडली असती, असे आम्हांला वाटत नाही.

पुढे आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले आणि सहाशेहून अधिक साक्षीदारांचा पुरावा नोंदला गेला. न्यायमूर्ती ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली, आणि त्याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. ‘याला कशाला पोसता, भर चौकात लटकवा’ असे म्हणणारे त्या काळात सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतही थोडे नव्हते. त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु ज्या न्यायालयाने त्या दोघांना सोडण्याचे धैर्य दाखविले, त्याच न्यायालयाने दिलेल्या फाशीला जगात किंमत आली, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षा अमलात आली तेव्हा हे सूडाचे कृत्य आहे असे म्हणण्यास शत्रूलाही फारशी जागा उरली नव्हती.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कसाब हे प्यादे होते. वजिराची गोष्ट निराळी. म्होरक्याला तुरुंगात ठेवा, की त्याला सोडविण्यासाठी त्याचे साथीदार विमाने पळवितात! मसूद अझर १९९४ मध्ये काश्मिरात पकडला गेला, पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या कैदेत राहिला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कंदाहारला आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांच्या उपस्थितीत सुटला. सुटताच त्याने ‘जैश-ए-महंमद’ उभी केली. पुढे त्या संघटनेच्या नावावर जी प्रेते पडली ती पाहता ‘तेव्हाच संपवला असता तर’ हा उद्गार कोणाच्याही तोंडून निघावा. किल-पक्षाचा, म्हणजे मारा म्हणणाऱ्यांचा, याहून भक्कम युक्तिवाद आम्हांला माहीत नाही. तरीही त्या प्रकरणातील अपराध अझरला जिवंत धरणाऱ्या जवानांचा नव्हे. पळविलेले विमान अमृतसरच्या धावपट्टीवर पाऊण तासाच्या आसपास उभे असताना ज्या राज्ययंत्रणेला ते रोखता आले नाही, तिचा तो अपराध होय. कुलूप कच्चे निघाले म्हणून चोर पकडणेच सोडून द्यावे, हा न्याय अजब आहे.

म्होरका जिवंत धरण्याचे मोल पाहायचे असेल तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडे वळावे. ‘प्रकाशमान मार्ग’ असे गोंडस नाव धारण केलेल्या माओवादी संघटनेने तेथे १९८० पासून रक्ताचे पाट वाहविले. त्या यादवीत सुमारे ७०,००० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंना हीच संघटना जबाबदार होती, असे त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने पुढे नमूद केले. तिचा सूत्रधार आबिमाएल गुझमान हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! अध्यक्ष फुजिमोरी यांच्या राजवटीने त्याच्याविरुद्ध दोन मार्ग एकाच वेळी चालविले. एका हाताने लष्करी मारेकऱ्यांचे गुप्त पथक चालत होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये या पथकाने लिमा शहरातील एका वस्तीत मेजवानीला जमलेल्या पंधरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत आठ वर्षांचे एक पोर होते. दुसऱ्या हाती पोलिसांची एक लहानशी तुकडी होती. ती संशयित घरांतून बाहेर पडणारा केरकचरा चिवडीत बसे. नृत्यवर्ग चालणाऱ्या एका घराच्या कचऱ्यात सिगारेटची थोटके आणि त्वचारोगावरील मलमाच्या नळ्या सापडल्या. गुझमानला तो विकार होता. १२ सप्टेंबर १९९२ रोजी एकही गोळी न झाडता तो पकडला गेला. वर्षभरात त्याने तुरुंगातूनच सरकारशी तहाची भाषा सुरू केली, अनुयायांत फूट पडली आणि संघटनेचा कणा मोडला. मारेकऱ्यांच्या पथकाने काय साधले? २००९ मध्ये खुद्द फुजिमोरींना त्या हत्यांबद्दल पंचवीस वर्षांची कैद झाली, एवढेच. गुझमान मात्र २०२१ मध्ये कोठडीतच मेला. हुतात्मा होण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

मेलेला पुढारी आज्ञा मागे घेऊ शकत नाही. इस्रायलने फेब्रुवारी १९९२ मध्ये हिजबुल्लाच्या अब्बास मुसावीला मारले; त्याच्या जागी हसन नसरल्ला आला आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला. रक्तबीजाची कथा आपल्याला नवी नाही. उलट तुर्कस्तानने १९९९ मध्ये जिवंत पकडलेल्या अब्दुल्ला ओजलानने फेब्रुवारी २०२५ मध्ये तुरुंगातून आवाहन केले आणि मे महिन्यात त्याच्या कुर्द संघटनेने विसर्जन जाहीर केले.

अर्थात, नुसते धरणे पुरेसे नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या कटाचा सूत्रधार खालिद शेख महंमद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत अमेरिकेच्या हाती आला. त्याला गुप्त कोठड्यांत डांबून १८३ वेळा पाण्याने गुदमरविण्यात आले. परिणामी त्याचा कबुलीजबाब न्यायालयात उभा करणे दुष्कर झाले आणि बावीस वर्षे उलटली, २०२५ साल उजाडले, तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. ओसामा बिन लादेनला २ मे २०११ रोजी अबोटाबादेत ठार मारून समुद्रात पुरले गेले, त्यामागे या लांबलेल्या लाजेचाही काही वाटा असेल काय? आम्हांला तशी शंका येते. तो मेला याचे दुःख आम्हांला नाही. पाकिस्तानच्या लष्करी प्रबोधिनीपासून हाकेच्या अंतरावर त्याला वर्षानुवर्षे कोणी सांभाळले, हे शपथेवर विचारण्याची संधी गेली, याचे दुःख आहे.

मग राज्याने कधी मारूच नये काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बंदूक रोखून उभा असलेला, किंवा पोलीस पोहोचू शकत नाहीत अशा मुलखातून नवा हल्ला रचणारा म्होरका शरण येत नसेल, तर त्याला मारण्याचा अधिकार राज्याला आहे. डिसेंबर २००६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास हीच रेषा आखली: अटक शक्य असेल तेथे हत्या नको, आणि हत्या झालीच तर मागाहून निःपक्ष चौकशी हवी. आमचा आग्रह एवढाच, की जे केले ते राज्याने उघड माथ्याने पत्करावे.

पाकिस्तानात गेल्या काही वर्षांत भारताला हवे असलेले काही इसम ‘अज्ञात’ मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. भारत सरकारने आपला संबंध साफ नाकारला आहे. तरीही आपल्याकडील पांढरपेशा वर्ग ‘अज्ञात’ हा शब्द मिस्कील हसून उच्चारतो. ते हसू आम्हांला रुचत नाही. १९७३ मध्ये इस्रायलच्या हेरांनी नॉर्वेतील लिलेहामर गावी एका दहशतवाद्याला टिपले; तो एक निरपराध मोरोक्कन वेटर निघाला, आणि त्याची गरोदर पत्नी त्याच्या शेजारी उभी होती. बंद दाराआड दिलेल्या मृत्युदंडाला अपील नसते. बनावट चकमकींची चव चाखलेल्या मुंबईला हे वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये चकमकींच्या चौकशीचे नियम घालून द्यावे लागले, तेही याच शहरातल्या प्रकरणांवरून.

मुंबईवरील हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून दिल्लीस आणण्यात आले. त्यासाठी न्यायालयीन झगडा वर्षानुवर्षे चालला होता. आता त्याच्या खटल्यातील पुरावा शक्य तितका उघड्यावर मांडला जावा, साक्षी नोंदल्या जाव्यात आणि कराचीतून दूरध्वनीवर हुकूम सोडणाऱ्यांची नावे भारतीय न्यायालयाच्या निकालपत्रात पुन्हा एकदा लिहिली जावीत. ही मागणी लावून धरण्याचा हक्क या शहराला आहे आणि केंद्र सरकारने तिला तारखांच्या घोळात अडकवू नये.