मोठी लेन्स कशाला?

वन्यजीवांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो : एवढी मोठी, महाग लेन्स आणायची कुठून? माझं मत विचाराल तर नायमेखनमध्ये राहणाऱ्याला ती लागतच नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

साधा हिशोब करून बघा. शहराला लागूनच असलेल्या ओय पोल्डरच्या भागात कोनिक जातीचे घोडे मोकळे चरतात. त्यांच्यापासून किमान २५ मीटर लांब राहायचं, असा नियम आहे. आता कॅननचा ७०डी हा जुना कॅमेरा घ्या आणि त्याला ५५-२५० मिलिमीटरची लेन्स लावा. पूर्ण झूम केल्यावर २५ मीटरवरचं साधारण सव्वादोन मीटर रुंदीचं दृश्य चौकटीत मावतं. म्हणजे घोडा जेमतेम बसतो! तिथे ६०० मिलिमीटरची लेन्स नेऊन काय करणार?

"मग मोठ्या झूमचा छोटा कॅमेराच घेतो, स्वस्तात पडेल," असं कुणी म्हणेल. थांबा. इथे खरी मजा हिवाळ्यात असते. उत्तर रशियाकडून रानहंसांचे थवे येतात आणि शेतांत उतरतात. पण डिसेंबरात सूर्य उगवतो साडेआठनंतर, आणि वर ढग. उडणारा हंस स्पष्ट यायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढंच उघडावं लागतं. तेवढ्यात प्रकाश किती आत जाणार? छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. फोटो दाणेदार येतो. ७०डीचा सेन्सर त्याच्या दहापटींहून मोठा आहे.

बरेच लोक आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यामुळे त्यांचे जुने कॅमेरे मार्क्टप्लाट्सवर स्वस्तात मिळतात. थोडा धीर धरलात तर चारशे युरोंच्या आसपास दोन्ही वस्तू जमतील. फक्त घरपोच मागवू नका, स्वतः जाऊन बघा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. सरळ "नको" म्हणा, विकणारा कितीही गोड बोलो.

ट्रायपॉडचे पैसेही वाचवा. जुन्या कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती कुंपणाच्या खांबावर ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवा. हात हलत नाही. (आईला विचारून!)

या सामानाला मर्यादा आहेत, हे मान्य. खंड्या पक्षी इवलासा, तो फोटोत ठिपक्याएवढाच येईल. बीव्हर तर अंधार पडता पडता बाहेर येतो. १९९४ मध्ये त्याला या भागात पुन्हा आणून सोडलं. त्याच्यासाठी साधी दुर्बीण बरी.

रानहंस ऑक्टोबरात येऊ लागतात आणि मार्चपर्यंत बहुतेक निघून जातात. तेव्हा कॅमेरा घ्यायचाच असेल तर दिवाळीच्या सुमारास घ्या.