विज्ञान-विवेक : भूकंप किती दूर झाला?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. देवीचा कोप म्हणणारे अजूनही भेटतात. कोप घड्याळाने मोजता येत नाही, भूकंप येतो. जमिनीतून आधी वेगवान 'पी' लहर येते, मागून 'एस' लहर. हिचा हादरा जबर. जवळच्या भूकंपात दोघींमधल्या सेकंदांना साधारण आठाने गुणा. तितके किलोमीटर अंतर. दहा सेकंद, तर ऐंशी किलोमीटर. तीन केंद्रांभोवती अशी वर्तुळे काढा. ती छेदतात तिथे भूकंपाची जागा. माता-भगिनींनो, आठवीतल्या मुलीला कंपास द्या, तिला सहज जमेल. किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जड घरांखाली. गावी घर बांधाल तर दारे-खिडक्यांवरून चारी भिंतींना सलग सळई-काँक्रीटचा पट्टा घाला.