औझू पट्टा : एका रेघेची दोन वाचने

चाडच्या उत्तर टोकाला, लिबियाच्या सीमेला लागून सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा एक वाळवंटी भाग आहे. त्याला औझू पट्टा म्हणतात. क्षेत्रफळ साधारण १,१४,००० चौरस किलोमीटर. आत तिबेस्तीचे ज्वालामुखीय डोंगर, औझू नावाचे एक छोटे गाव आणि तुबू लोकांच्या विरळ वस्त्या. जमिनीखाली युरेनियम असल्याची चर्चा बरीच झाली आणि वादाचे कारण म्हणून त्याचेच नाव पुढे केले जाते. खरे मूळ मात्र दप्तरात आहे, आणि मोजणीच्या व्यवसायातल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल.

१४ जून १८९८ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आफ्रिकेतील आपापल्या प्रभावक्षेत्रांची वाटणी केली. २१ मार्च १८९९ च्या पूरक घोषणेत सहारातील फ्रेंच क्षेत्राची हद्द शब्दांत सांगितली गेली : कर्कवृत्त आणि १६ अंश पूर्व रेखांश जेथे छेदतात तेथून निघून ‘आग्नेयेकडे’ २४ अंश पूर्व रेखांशापर्यंत जाणारी रेषा. अक्षांश दिलेला नव्हता. सहीच्या वेळी घोषणेला नकाशाही जोडलेला नव्हता. काही दिवसांनी फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने आपल्या ‘पिवळ्या पुस्तका’त नकाशा छापला, आणि त्यातली रेघ काटेकोर आग्नेय दिशेला न जाता बरीच पूर्वेकडे झुकलेली होती. शब्द तंतोतंत पाळले, तर रेषा २४ अंश रेखांशाला सोळाव्या अक्षांशाच्याही थोडी खाली मिळते. नकाशा पाहिला, तर एकोणिसाच्या आसपास. ८ सप्टेंबर १९१९ च्या करारात दोन्ही देशांनी हा बिंदू १९ अंश ३० मिनिटे उत्तर असा पक्का केला. शब्दांतली रेषा आणि कायम झालेली रेषा यांच्या टोकांत जवळपास चारशे किलोमीटरचा फरक. खरेदीखतात चतुःसीमा एक आणि सोबतच्या नकाशात दुसरीच, हा अनुभव भूमिअभिलेखाच्या कचेरीत बसणाऱ्याला नवा नाही. येथे फक्त बांधाच्या जागी अर्धे वाळवंट होते.

लिबिया १८९९ मध्ये ऑटोमन साम्राज्यात होता, १९१२ मध्ये इटलीकडे गेला. इटलीला १९१९ ची रेषा मान्य नव्हती. ७ जानेवारी १९३५ रोजी फ्रान्सचे पिएर लाव्हाल आणि इटलीचा मुसोलिनी यांनी करार करून रेषा दक्षिणेला सरकवली. १९१९ ची रेषा आणि ही नवी रेषा यांच्यामधला भाग म्हणजेच औझू पट्टा. पण या कराराच्या संमतीपत्रांची देवघेव कधीच झाली नाही, त्यामुळे तो अमलात आला नाही. सही झाली पण नोंद झाली नाही, असा हा दस्त. लिबियाच्या बाजूने पुढे कित्येक वर्षे त्याचाच आधार सांगितला गेला.

१९५१ मध्ये लिबिया स्वतंत्र झाला. १० ऑगस्ट १९५५ रोजी त्याने फ्रान्सशी मैत्री व शेजारधर्माचा करार केला. त्याच्या तिसऱ्या कलमात सीमा म्हणजे अमुक आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांतून निघणारी सीमा असे म्हटले आणि त्या दस्तऐवजांची यादी परिशिष्टात दिली. यादीत १८९९ ची घोषणा आहे, १९१९ चा करार आहे. १९३५ चा करार नाही. चाड १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा ही सीमा त्याच्याकडे वारशाने आली. पुढचा सगळा झगडा या एका परिशिष्टावर मिटणार होता, पण त्याआधी बरेच रक्त सांडायचे होते.

१९७३ मध्ये लिबियाच्या सैन्याने पट्टा ताब्यात घेतला. चाड त्या काळी यादवीत होता. लिबियाचे सत्ताधीश गद्दाफी यांनी तिथल्या एका गटाला हाताशी धरले, मग दुसऱ्याला; १९८० च्या अखेरीस लिबियाचे रणगाडे राजधानी एन्जामेनापर्यंत पोहोचले होते. सीमावाद आता नावापुरता उरला होता, प्रश्न चाडची सत्ता कोणाकडे असा झाला होता. १९८२ मध्ये हिसेन हाब्रे सत्तेवर आले आणि हटवलेल्या गुकुनी वेदेई यांनी लिबियाच्या बळावर उत्तरेतून चढाई केली.

येथे बाहेरची फौज उतरते. ऑगस्ट १९८३ मध्ये फ्रान्सने ‘मांता’ मोहीम उघडून सुमारे तीन हजार सैनिक पाठवले. झाईरनेही सैन्य दिले, अमेरिकेने शस्त्रे व पैसा. फ्रेंचांनी पंधराव्या अक्षांशावर लाल रेषा आखली : या रेषेखाली लिबियाने यायचे नाही. जानेवारी १९८४ मध्ये एक जॅग्वार विमान पाडले गेल्यावर रेषा सोळाव्या अक्षांशावर गेली. नकाशावर सोयीचा अक्षांश निवडून आखलेली ही रेघ कायद्याने कुणाची सीमा नव्हती, तरी चार वर्षे चाड प्रत्यक्षात तिच्यावरच दुभंगलेला राहिला. सप्टेंबर १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मित्राँ आणि गद्दाफी यांच्यात दोन्ही फौजा मागे घेण्याचे ठरले. फ्रेंच गेले, लिबिया राहिला. उत्तरेत वादी दूम येथे लिबियाने मोठा हवाई तळ उभारला होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये लिबियाने पुन्हा चढाई करताच फ्रेंच विमानांनी त्या तळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी लिबियाच्या एका तुपोलेव्ह विमानाने एन्जामेनाचा विमानतळ फोडला. ‘एपेर्व्हिए’ मोहिमेची सुरुवात ही अशी झाली, आणि ती २०१४ पर्यंत चालू होती.

१९८७ चे युद्ध ‘टोयोटा युद्ध’ म्हणून ओळखले जाते. मागे मिलान क्षेपणास्त्र बसवलेल्या लँड क्रुझर पिकअप घेऊन चाडच्या तुकड्या रणगाड्यांच्या पहाऱ्याला वळसा घालून पाठीमागून यायच्या. सुरुंग पेरलेल्या भागातून त्या इतक्या वेगाने जात की स्फोट गाडी पुढे गेल्यावर व्हायचा, असे सांगतात. २ जानेवारीला फादा पडले, २२ मार्चला वादी दूम. तिथे पकडल्या गेलेल्या अधिकाऱ्यांत खलिफा हफ्तार होते, पुढे लिबियाच्या यादवीत गाजलेले. ८ ऑगस्टला चाडने औझू गाव घेतले आणि महिना संपण्याआधी गमावले. या टप्प्यावर फ्रान्सने विमानांचे छत्र नाकारले : पट्ट्याचा निवाडा आंतरराष्ट्रीय मंचावर व्हावा, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे चाडची राजवट वाचवायला फ्रेंच विमाने होती, सीमेसाठी नव्हती. ५ सप्टेंबरला चाडने थेट लिबियात घुसून मातन अस-सारा हा तळ उद्ध्वस्त केला आणि ११ तारखेला शस्त्रसंधी झाली. ज्या हाब्रेंना पाश्चात्त्यांनी इतके पाठबळ दिले, त्यांना २०१६ मध्ये डाकार येथील विशेष न्यायालयाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली.

३१ ऑगस्ट १९८९ रोजी अल्जियर्समध्ये दोन्ही देशांनी वर्षभर वाटाघाटी करायच्या, नाहीतर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचे, असे मान्य केले. १९९० मध्ये प्रकरण तिथे गेले. लिबियाचे म्हणणे असे की सीमा कधी ठरलीच नाही. तेव्हा टोळ्यांचे, सनुसी पंथाचे, ऑटोमनांचे व इटलीचे हक्क मोजा. त्या हिशेबाने मागणी पंधराव्या अक्षांशाजवळ पोहोचत होती, औझूच्याही खूप खाली. चाडने १९५५ चा करार पुढे केला.

३ फेब्रुवारी १९९४ रोजी १६ विरुद्ध १ मताने निकाल चाडच्या बाजूने लागला. करारातल्या यादीवरून सीमा निघते, म्हणून बाकीचा इतिहास तपासण्याची गरजच उरली नाही, असे न्यायालयाने म्हटले. करार वीस वर्षांचा होता, त्याचे काय? करार संपला तरी त्याने ठरवलेली सीमा संपत नाही, हे उत्तर. मोजणीच्या व्यवसायाच्या दृष्टीने निकालातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच असावे. रेषा अशी : १९ अंश ३० मिनिटे उत्तर व २४ अंश पूर्व या बिंदूपासून सरळ कर्कवृत्त व १६ अंश पूर्वेच्या छेदापर्यंत, तेथून सरळ २३ अंश उत्तर व १५ अंश पूर्वेपर्यंत. तीन बिंदू, दोन सरळ रेघा. हे सीमानिर्धारण झाले. जमिनीवर खुणा रोवण्याचे सीमांकन हे वेगळे काम.

निकालानंतर लिबियाने पट्टा सोडायचा होता. पण त्याच्यावर त्या वेळी लॉकरबी विमानस्फोट प्रकरणामुळे हवाई निर्बंध होते. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणी पथकाचे विमान तिथे उतरावे म्हणून सुरक्षा परिषदेला आधी त्या उड्डाणाला सूट देणारा ठराव करावा लागला. ४ मे रोजी माघारीवर देखरेख करायला नऊ लष्करी निरीक्षकांचे पथक मंजूर झाले. ३० मे १९९४ ला दोन्ही बाजूंनी माघारीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि १३ जूनला पथकाचे काम संपल्याचे जाहीर झाले. सैन्य गेले, त्याने पेरलेले सुरुंग तिबेस्तीच्या वाटांवर राहिले.