ठळक आकडा पाहण्याआधी घड्याळ पाहा

वेल्ह्याच्या बाजाराला आम्ही तीस वर्षे कापड नेतो. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका शिंपीभावाने आमच्यापुढे रक्ताचा रिपोर्ट धरला. पोटॅशियम 6.3, ठळक छापलेले. "चाचा, किडनी गेली का हो?" मशीन विकायचे का, इथवर घरात बोलणी झाली होती. वास्तविक गडी ठणठणीत, कसली तक्रार नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला भोरला पाठवले. तिथे ताजे रक्त घेऊन लगेच तपासले, तर 4.4. साधारण 3.5 ते 5 हे ठीक समजतात.

मग पहिला आकडा खोटा होता काय? नव्हता. तो बाटलीतल्या रक्ताचा होता. सकाळी आठला काढलेले रक्त नसरापूरमार्गे पुण्याला पोचेपर्यंत दुपार टळली होती. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट पोटॅशियम असते. नमुना रखडला, हिंदकळला, पेशी फुटल्या की ते बाहेर झिरपते. तरी असा आकडा दुर्लक्षून चालत नाही. खरोखर वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. त्यामुळे तपासणी त्याच दिवशी पुन्हा करायची, उद्यावर टाकायची नाही.

साखरेचे उलटे आहे, आणि आमच्या मते जास्त धोक्याचे. बाटलीतल्या पेशी साखर खातच राहतात, ताशी सुमारे 5 ते 7 टक्के. उपाशीपोटी 126 पासून मधुमेह धरतात. ज्याची खरी साखर 130, त्याची पाच तासांनी शंभराच्या आत भरेल, आणि तो मिठाई खाऊन घरी बसेल! राखाडी टोपणाच्या बाटलीतले औषध ही गळती रोखते, पण त्याचा अंमल चढायलाही तास-दोन तास लागतात. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी प्रवासात टिकते. मात्र अंगात रक्त कमी असेल तर तीही फसवते. लघवीचा नमुना दोन तासांत तपासला नाही तर त्यात जंतू वाढतात.

आता पॅकेजवाल्यांविषयी. "इतक्या रुपयांत इतक्या तपासण्या" हे ऐकून आमच्यातले पुष्कळ भुलतात. आम्हीही भुललो होतो. रिपोर्टातली मर्यादा शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जणांवरून आखतात. म्हणजे एकेका तपासणीत पाच निरोगी माणसे बाहेर पडायचीच. वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या तर निम्म्याहून अधिक निरोगी माणसांच्या कागदावर एखादा तरी आकडा ठळक येईल. थानात एक गाठ दिसली म्हणून आम्ही थान परत करत नाही, उजेडात नेऊन पाहतो. तसा हा कागद तब्येत तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे न्यावा, औषधाच्या दुकानात नव्हे.

सही कोणाची आहे तेही पाहावे. रिपोर्टावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितले आहे.

आमची लिखाई-पढाई उर्दूची, रिपोर्ट इंग्रजीत. नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, या दोन वेळा तरी मराठीत ठळक छापाव्यात, ही लॅबवाल्यांकडे आमची मागणी आहे. तोवर रक्त दिल्याची वेळ आपणच चिठ्ठीवर लिहून ठेवावी. शिंपीभाऊ आता टेपाशेजारी पेन्सिल ठेवतो, तिनेच लिहितो.