तेव्हा कुत्रा कुठे होता?

घरातून निसटलेले किंवा गॅलरीतून पडलेले मांजर टेबलावर आले की आपली तपासणी ठरलेल्या वाटेने जाते. श्वास, हिरड्यांचा रंग, छातीचा एक्स-रे, फाटलेली टाळू, दुभंगलेला जबडा, मूत्राशय शाबूत आहे का. मग माहिती विचारली जाते: कितवा मजला, किती वेळ बाहेर होते, लसी झाल्या आहेत का. एक प्रश्न मात्र केसपेपरवर क्वचितच उतरतो. मांजर निसटले तेव्हा घरातला कुत्रा कुठे होता आणि काय करत होता? मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा आणि मांजर एकत्र पाळणारी कुटुंबे आता आपल्याकडे नियमित येतात, आणि या घरांचे एक वैशिष्ट्य आपण लक्षात घेत नाही: त्यांचे मुख्य दार प्रामुख्याने कुत्र्याच्या वेळापत्रकाने उघडते. सकाळी, संध्याकाळी, रात्री झोपण्यापूर्वी एकदा. दर वेळी ते माणसांच्या ये-जा करण्यापेक्षा जास्त वेळ आणि जास्त गडबडीत उघडे राहते. म्हणून अशा घरातल्या मांजराचे पलायन ही कडी-कोयंड्याची बाब मानण्याआधी कुत्रा-मांजर संबंधांची आणि कुत्र्याच्या दिनक्रमाची बाब मानली पाहिजे. जाळी आणि लॅच यांचा सल्ला द्यायचाच आहे, पण तो निदानानंतर.

निदान म्हणण्याचे कारण असे की दाराकडे धावणारी सगळी मांजरे एकाच कारणाने धावत नाहीत. काही कुत्र्याच्या मागे जातात. हूकवरून पट्टा निघाल्याचा आवाज, कुत्र्याची नाचानाच, चपला, लॅच हा क्रम मांजर काही दिवसांत शिकते, आणि शेवटी दार उघडणार हे त्याला मालकाच्या आधी कळते. त्या क्षणी मालकाच्या एका हातात ओढणारा कुत्रा असतो, दुसऱ्या हातात किल्ली आणि पिशवी. परत येताना परिस्थिती आणखी वाईट, विशेषतः पावसाळ्यात. उंबऱ्यात ओणवे होऊन कुत्र्याचे पाय फडक्याने पुसले जात असतात आणि दार अर्धे उघडे असते. दुसऱ्या प्रकारची मांजरे कुत्र्यापासून पळतात. बेल वाजते, कुत्रा भुंकत दाराकडे झेपावतो, पॅसेजमध्ये बसलेले मांजर दचकते आणि समोर जी फट दिसेल तिच्यातून निघून जाते. पहिल्या मांजराला बाहेर जायचे होते. दुसऱ्याला फक्त तिथून दूर व्हायचे होते, दार योगायोगाने मोकळे होते. दोघांनाही 'दार नीट लावत जा' एवढेच सांगून पाठवणे म्हणजे ताप आणि खोकला यांना एकच पुडी बांधून देणे. पहिल्याला दाराशी जोडलेला क्रम मोडून हवा असतो, दुसऱ्याला कुत्रा ओलांडावा लागणार नाही अशी घराची मांडणी.

यावर मालकांचे उत्तर ठरलेले असते: 'आमचे दोघे एकत्र झोपतात हो, भांडण कधीच नाही.' ते खोटे बोलत नसतात, पण अपुरे सांगत असतात. तेल अवीव विद्यापीठातील फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी 2008 मध्ये एका छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही प्राणी लहान वयात घरात आलेले असले, म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा एक वर्षाच्या आत, आणि मांजर आधी आलेले असले, तर संबंध बरे राहतात असे त्यांना आढळले. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातून 2018 मध्ये आलेल्या पाहणीत मालकांनी सांगितलेल्या सलोख्याचा सर्वांत मोठा धागा मांजराच्या स्वस्थपणाशी जुळला. कुत्र्याचा स्वस्थपणा त्या मानाने दुय्यम ठरला. या अभ्यासांची मर्यादा उघड आहे. माहितीचा मोठा भाग मालकांनी दिलेला आहे, आणि आपले मूल भांडखोर आहे असे आनंदाने कोण लिहून देतो? तरीही दिशा कामाची आहे. घरातले वातावरण मांजरावरून वाचायचे असते, आणि दुपारी सोफ्यावर एकत्र झोपणे हे संध्याकाळी बेल वाजल्यानंतर पॅसेजमध्ये काय घडते याचा पुरावा होत नाही. विचारायचे ते असे: कुत्रा उठून उभा राहिला की मांजर कुठे जाते? पाणी प्यायला त्याला कुत्र्यासमोरून जावे लागते का? कुत्रा फिरायला गेल्यावर मांजराचे वागणे बदलते का, ते खाली उतरून खाते का?

इथेच गॅलरीचा मुद्दा येतो आणि तो रेंगाळण्याजोगा आहे. लहान फ्लॅटमध्ये मांजराचा लिटर ट्रे बहुधा ड्राय बाल्कनीत किंवा गॅलरीत जातो. वासाची तक्रार हे त्याचे एक कारण, आणि कुत्रा ट्रेमध्ये तोंड घालतो हे दुसरे. परिणाम असा की घरातली कुत्र्यापासून मोकळी अशी एकमेव जागा म्हणजे गॅलरीचा कोपरा किंवा कठडा होतो. मांजर तिथे तासन् तास बसते आणि आपण म्हणतो, त्याला कबुतरे बघायला आवडतात. आवडतही असतील. पण पडण्याच्या घटना निव्वळ शिकारीच्या नादावर टाकून मोकळे होण्याआधी, आत यायचा रस्ता कुत्र्याने अडवला होता का, हे पाहणे आपले काम आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधील 132 मांजरांची 1987 ची मालिका आपण सगळ्यांनी वाचलेली असते. उपचार मिळालेल्या सुमारे 90 टक्के मांजरांचा जीव वाचला, हा तिचा गाजलेला आकडा. झाग्रेबच्या 2004 च्या मालिकेत 119 मांजरांपैकी 96.5 टक्के वाचली आणि त्यांत एक वर्षाच्या आतली मांजरे निम्म्याहून जास्त होती. या टक्केवाऱ्या मालकांना सांगताना जपून सांगाव्यात. जागीच मेलेले मांजर दवाखान्यात आणले जात नाही, त्यामुळे ते कोणत्याही मालिकेत मोजले जात नाही. 'मांजर पायांवरच पडते' या समजाला आपल्याच आकड्यांनी खतपाणी मिळू नये.

मग सांगायचे काय? आधी उंची. 2013 मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सुरक्षित जागा आणि एकमेकांपासून अलग ठेवलेली संसाधने या पहिल्या दोन गोष्टी आहेत. आपल्या घरांत त्यासाठी महागडे कॅट ट्री लागत नाही. माळा असतो, कपाटाचा माथा असतो. तिथवर चढायला दोन फळ्या ठोकल्या आणि अन्न-पाणी कुत्र्याच्या पोहोचेबाहेर ठेवले की मांजराला दिवाणखाना जमिनीवर पाय न टेकता ओलांडता येतो. लिटर ट्रे आत आणून कुत्र्याला अडवायचे तर दाराला आतून साखळी लावून मांजरापुरती फट ठेवता येते. ही फट लहान जातीच्या कुत्र्याला अडवणार नाही. तिथे ट्रे उंचावर घ्यावा लागेल. दाराबाबत, पट्टा बांधायची जागा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पट्टा आतल्या खोलीत बांधावा आणि नेमक्या त्याच वेळी मांजराचे एक जेवण दुसऱ्या खोलीत दार लोटून द्यावे. दिवसाच्या खाण्याचे भाग तसेही पाडायचे असतात. ते कुत्र्याच्या फेऱ्यांना जोडले की पट्ट्याचा आवाज हळूहळू उंबऱ्याऐवजी वाटीची सूचना देऊ लागतो. परतताना उलट क्रम: कुत्रा आधी आत, दार बंद, मग पाय पुसणे. बेल वाजल्यावर कुत्र्याने ठरलेल्या चटईवर जाऊन बसणे हे शिकवायला काही आठवडे लागतात, पण तेच पळणाऱ्या मांजरासाठी सर्वांत मोठे औषध आहे. बहुतेक फ्लॅटना लाकडी दाराबाहेर सेफ्टी डोअर असते, ते या कामासाठी जवळजवळ तयारच आहे. फक्त त्याच्या खालच्या भागातल्या गजांमधून मांजर सहज जाते, तिथे जाड जाळी किंवा ॲक्रिलिकचा पत्रा लावून घ्यावा. गॅलरीच्या कबुतरजाळीवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. उन्हाने तिचा नायलॉन कमजोर होतो आणि कडेला मांजर ती चावते. दर पावसाळ्यानंतर ती हाताने ओढून पाहायला सांगावे.

दोन आक्षेप गंभीरपणे घ्यावे लागतील. पहिला तत्त्वाचा. कोकणातल्या घरात मांजर आणि कुत्रा दोघेही अंगणात मोकळे असतात, कोणी दार लावत नाही. मग शहरात मांजराला कोंडणे हाच अन्याय नाही का? मोकळेपणाची गरज खरी आहे, म्हणूनच कोंडून वर काहीच न देणे चूक आहे. पण वाडीतल्या मांजराला पळायला झाड असते आणि तिथले कुत्रे त्याच्या परिचयाचे असतात. सोसायटीत जन्म काढलेल्या मांजराची तुलना त्याच्याशी होत नाही. त्यातही, ज्याचा समाजीकरणाचा काळ, म्हणजे साधारण दुसरा ते सातवा आठवडा, कुत्र्याच्या सहवासात गेला आहे, ते फाटकाबाहेरच्या कुत्र्यांच्या टोळीला पाहून वेळेवर पळेलच असे धरून चालता येत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: वन रूम किचनमध्ये खोल्या कुठून आणायच्या? तिथे जागेऐवजी वेळ वाटून द्यावी लागते. बाथरूम, पिंजरा, अगदी प्रवासाची मजबूत टोपली, दार उघडे असेल तेवढी मिनिटे पुरे होतात, अट एवढीच की मांजर तिथे खाण्यासाठी आपणहून जात असावे. दाराशी पाण्याचा फवारा मारणे किंवा ओरडणे हा अनेकांचा आवडता उपाय या यादीत नाही. फवारा मारणारा घरात नसताना त्याचा उपयोग शून्य, आणि घाबरणारे मांजर त्याने आणखी घाबरते.

निर्बीजीकरणाबद्दल वाचकांना नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. बोका आणि भाटी दोघांचेही ते पाच महिन्यांच्या आत करावे, आणि आपल्या अक्षांशावर भाटी वर्षातला बराच काळ माजावर येऊ शकते हे मालकांना सांगावे. 'घरातच असते' म्हणून रेबीजची लस टाळणाऱ्यांशी वाद घालायला निसटण्याची शक्यता हाच पुरेसा मुद्दा आहे.

आणि तरीही मांजर निसटेल, बहुतेकदा दिवाळीत, फटाके आणि पाहुणे दोन्ही असताना. तेव्हा दवाखान्यात येणाऱ्या फोनला स्वागतकक्षातली व्यक्ती काय उत्तर देते, हे महत्त्वाचे ठरते. हरवलेल्या मांजरांविषयीच्या 2018 च्या एका ऑनलाइन पाहणीत 1210 मालकांनी माहिती दिली. सुमारे एकतृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत मिळाली, वर्षभरात 61 टक्के, आणि त्यानंतर केवळ चार मांजरे. सापडलेल्यांपैकी 75 टक्के निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती, आणि प्रत्यक्ष फिरून शोधण्याने शक्यता वाढते असे दिसले. उत्तरे स्वेच्छेने दिलेली असल्याने टक्केवारीला फार कवटाळू नये, पण पहिल्या आठवड्यात जवळच शोधावे हा निष्कर्ष मांजराच्या स्वभावाशी जुळतो: घाबरलेले घरातले मांजर दडते आणि हाकेला ओ देत नाही. म्हणून फोनवर सांगावे की आपलाच जिना, जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, पंपरूम, उभ्या गाड्यांची बॉनेटे आणि शेजाऱ्यांची उघडी घरे आधी पाहा. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा जा. मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला मोबाइल नंबर आजच तपासा. आणि 'तो वासाने शोधून काढेल' म्हणून घरातल्या कुत्र्याला सोबत नेऊ नका. त्याच्यापासूनच पळालेले मांजर त्याचा आवाज ऐकून आणखी आत सरकेल. कुत्र्याला तासभर शेजाऱ्यांकडे ठेवा आणि दार किलकिले करून आत खाणे मांडा.